जुने अंक आणि बातम्यांच्या टेपा डिजिटल करताना: आधी यादी, मग टेप, कागद शेवटी

"सगळं स्कॅन झालंय, फक्त सापडत नाही." हार्ड डिस्क हातात ठेवत हे सांगणारे लोक मला नागपुरात इतक्यांदा भेटलेत, की डिस्क न उघडताच आत काय असेल ते कळतं. 'न्यू फोल्डर ३', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल नवीन' आणि त्यात कॅमेऱ्याने आपणहून दिलेल्या आकड्यांच्या हजारो फायली. कोणतं वर्तमानपत्र, कोणती तारीख, शहर आवृत्ती की बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती, कशाचाच पत्ता नाही. एकेक चित्र उघडून बघत बसायचं. आणि त्याच घरात, त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात, व्हीएचएस आणि मिनी-डीव्हीच्या तीस-चाळीस व्हिडिओ टेपा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पडलेल्या असतात. "त्या करू नंतर."

चूक क्रमाची आहे. मोबाइल हाताशी असतो म्हणून कागदाचे फोटो आधी निघतात, यादी करणं कंटाळवाणं म्हणून ती राहून जाते आणि टेपांना मशीन लागतं म्हणून त्या शेवटी. करायचं याच्या उलट. खाली लिहिलेलं सगळं छोट्या वाचनालयांसाठी, कधीकाळी केबलवर बातम्या चालवणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात वडिलांची पत्रकारिता गठ्ठ्यांनी रचून ठेवलीय त्यांच्यासाठी आहे.

## १. यादी: स्कॅनर लावण्याआधीचे पंधरा दिवस

एक वही घ्या किंवा एक्सेलचं एक पान उघडा. प्रत्येक अंकाला एक ओळ आणि प्रत्येक टेपेला एक ओळ. अंकासाठी रकाने असे: वर्तमानपत्राचं नाव, तारीख, वर्ष आणि अंक क्रमांक (नावाच्या पट्टीखाली छापलेला असतो), आवृत्ती, पानं किती असायला हवीत, आहेत किती, पुरवणी आहे का, अवस्था आणि कुठे ठेवलाय. अवस्थेसाठी लांब वर्णन नको. 'बरा', 'तुटतो', 'चिकटलाय', 'कसर लागलीय' एवढं पुरे.

अंक क्रमांकाचा रकाना लोक हमखास गाळतात, आणि सगळ्यात कामाचा तोच. तारखेत छपाईची चूक होते. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत जुनंच साल राहून गेलेले अंक मी स्वतः पाहिले आहेत. तारीख आणि अंक क्रमांक शेजारी शेजारी असले की घोळ तिथल्या तिथे दिसतो.

आता 'नसलेले' अंक. १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीचे अंक सापडत नाहीत म्हणून शोधत फिरू नका. आदल्या दिवशी कार्यालयाला सुट्टी असल्याने त्या दिवशी अंक निघत नसे. दिवाळीतही तसंच. आदल्या अंकात, बहुधा पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, तशी छोटी चौकट सापडते. यादीत म्हणून दोन वेगळे शेरे ठेवा: 'अंक निघाला नाही' आणि 'आपल्याकडे नाही'. हा फरक आज नोंदवला नाही, तर दहा वर्षांनी दुसरा कोणी तोच अंक पुन्हा शोधत बसेल.

सावधान: एकाच तारखेचे दोन अंक दिसले की 'डबल आहे' म्हणून एक रद्दीत टाकू नका. नागपूरची शहर आवृत्ती आणि चंद्रपूर-गोंदियाकडे जाणारी डाक आवृत्ती यांची आतली पानं वेगळी असतात, कधी पहिलं पानही. रात्री उशिरा घडलेलं डाक आवृत्तीत नसतंच.

यादी झाली की ती घेऊन बाहेर पडा. वर्तमानपत्रं ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवण्याचं बंधन प्रकाशकांवर १९५४ च्या कायद्याने आहे (वर्तमानपत्रांचा समावेश १९५६ च्या दुरुस्तीने झाला). त्यामुळे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही वर्षं असू शकतात. इथे गावात विद्यापीठाचं ग्रंथालय, पुराभिलेख विभागाचं नागपूर कार्यालय आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतले संदर्भ विभाग आहेत. जे दुसरीकडे सुस्थितीत आणि स्कॅन होऊन आहे ते तुमच्या रांगेत शेवटी जाईल. जे फक्त तुमच्याकडे आहे ते वर येईल. आठवडी पत्रं, बंद पडलेली सायंदैनिकं, मोहल्ल्यातली पाक्षिकं आणि केबलवरच्या बातम्या बहुतेक याच दुसऱ्या ढिगात निघतात.

तपासा: यादीतल्या कुठल्याही दहा ओळी निवडा आणि ते अंक किंवा त्या टेपा जागेवरून काढून दाखवा. दहाच्या दहा सापडल्या नाहीत तर पुढे जाऊ नका.

## २. जागा आणि हंगाम

नागपूरचा मे महिना कागदाला बाधतो. पारा ४५ च्या पुढे जातो, हवेतला ओलावा पार आटतो आणि वर्तमानपत्राचा मुळातच हलका, आम्लयुक्त कागद पापडासारखा होतो. घडीवर हात ठेवला की तुकडा हातात. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट: पानं सादळतात, एकमेकांना धरतात, बुरशी येते. स्कॅनिंगचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात यादी करा, टेपांची कामं करा, नावं तपासा. गठ्ठे उघडू नका.

आणि कूलर. वाचनालयात उन्हाळ्यात कूलर लागतो, त्याची हवा बरोबर रॅकच्या दिशेने जाते, आणि दोन महिन्यांत मागच्या बाजूच्या खंडांवर करडे ठिपके दिसू लागतात. सगळं शहर कोरडं पडलेलं असताना त्या एका खोलीत पावसाळा असतो. एसी नसेल तरी अंक ज्या खोलीत आहेत तिथे कूलर लावू नका. साधा पंखा, बंद खिडकी, जाड पडदा. पाचशे-सातशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते भिंतीवर टांगा आणि ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहतंय का पाहा.

गठ्ठे संत्र्याच्या खोक्यांत ठेवायची आपल्याकडे सवय आहे. खोकी मजबूत असतात, खरं आहे, पण त्यांच्या पुठ्ठ्यात आम्ल आणि ओल दोन्ही असते आणि झुरळं वास काढत येतात. आम्लरहित पुठ्ठ्याचे डबे परवडत नसतील तर धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात बांधा. अंक आडवे ठेवा, जमिनीपासून वीतभर वर आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर.

सावधान: जुन्या गठ्ठ्यांत पांढरी-पिवळट भुकटी दिसली तर ती पन्नास-साठ वर्षांपूर्वी टाकलेलं कीटकनाशक असू शकतं. हातमोजे आणि चांगला मास्क घालूनच उघडा. फुंकर मारू नका, मऊ ब्रशने दाराबाहेर झटका. डांबरगोळ्या नव्याने टाकू नका.

## ३. टेपा: हे काम आधी, कारण वेळ यांच्याकडे नाही

कागद पिवळा पडतो, तुटतो, तरी आणखी वीस वर्षं वाचता येतो. टेपेचं तसं नाही. चुंबकीय थर सुटतो, बुरशी लागते, आणि टेप धडधाकट राहिली तरी ती वाजवणारं यंत्र उरत नाही. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. आता जे आहे ते जुनं आणि दुरुस्त केलेलं.

यंत्र कुठून आणायचं? लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे विचारा. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही स्थानिक बातम्यांसाठी कॅमेरा चालवणारी बरीच माणसं तीच होती. सकाळी अधिवेशनाचा मोर्चा, संध्याकाळी रिसेप्शन. त्यांच्या माळ्यावर चालू अवस्थेतला एस-व्हीएचएस व्हीसीआर किंवा फायरवायरचं (टेपेवरचा डेटा थेट संगणकात नेणाऱ्या जोडणीचं) पोर्ट असलेला मिनी-डीव्ही कॅमेरा निघतो. महिनाभरासाठी भाड्याने घ्या, आणि कॅमेरामनलाही सोबत बोलवा. त्याचं काम पुढे लागणार आहे.

पहिली कृती, टेप हातात घेतल्याबरोबर: व्हीएचएसच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा दात असतो, तो मोडा. मिनी-डीव्हीवर सरकणारी खूण 'सेव्ह'कडे न्या. यानंतर त्या टेपेवर रेकॉर्डिंग होऊ शकत नाही. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण ही चूक माझ्या हातून झालीय. अंधारात बटण चुकलं, आणि एका महापालिका सभेच्या टेपेत आज अकरा सेकंद निळा पडदा आहे.

मग हा क्रम:

१. टेप बाहेरून बघा. खिडकीतून रिळावर पांढरा-राखाडी थर दिसला की ती बुरशी. अशी टेप वेगळ्या पिशवीत, वेगळ्या ढिगात. ती यंत्रात घातली तर यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आलेली बुरशी पुढच्या सगळ्या टेपांना लागते. असल्या टेपा जाणकार प्रयोगशाळेकडेच द्या. यूट्यूबवर बघून ओव्हनमध्ये भाजू नका.

२. एसीच्या किंवा थंड खोलीतून आणली असेल तर एक दिवस कामाच्या खोलीत राहू द्या.

३. न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे न्या आणि परत मागे आणा. वर्षानुवर्षं एका ताणावर गुंडाळलेली टेप थेट वाजवली की अडकते. मागे नेताना आवाज बदलला किंवा वेग मंदावला तर थांबवा.

४. दर चार-पाच टेपांनंतर हेड साफ करा: लिंट न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरातला सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरिन असतं.

५. एकदाच, पूर्ण आणि न थांबवता उतरवा. पुन्हा पुन्हा वाजवून 'चांगला भाग' शोधू नका. प्रत्येक फेरीत टेप थोडी झिजते, तेव्हा शोधाशोध संगणकावर करायची.

उतरवण्याची पद्धत टेपेप्रमाणे बदलते. मिनी-डीव्हीवरची नोंद मुळातच डिजिटल आहे, म्हणून ती फायरवायरनेच घ्या. म्हणजे टेपेवरचा डेटा जसाच्या तसा फायलीत येतो, तासाला साधारण १३ जीबी. तीच टेप पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी घेतली तर फुकटात दर्जा घालवला, शिवाय टेपेवर नोंदलेली शूटिंगची तारीख-वेळही गेली. व्हीएचएस अॅनालॉग आहे, तिला रूपांतर करणारं यंत्र लागतं. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर तेच वापरा, आणि मध्ये टाइम बेस करेक्टर बसवता आला तर चित्राची थरथर कमी होते. आकार ७२० × ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आणि मूळ प्रत लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेली ठेवा: एफएफव्ही१ पद्धतीने, एमकेव्ही प्रकारच्या फायलीत. तासाला ३० ते ४५ जीबी धरून चला. बाजारात मिळणारी यूएसबीची काडी बहुतेक वेळा थेट दाबलेली (आकार लहान करताना तपशील गाळलेली) एमपी४ देते. ती मोबाइलवर पाठवायला ठीक आहे, जतनाची प्रत म्हणून नाही.

सावधान: मूळ प्रतीत चित्र 'सुधारू' नका. आडव्या रेषा दिसतात म्हणून डीइंटरलेस करायचं, रंग गडद करायचे, चॅनेलचं चिन्ह कापायचं, हे सगळं बघायच्या प्रतीत करा. आवाजाचे दोन ट्रॅकही मिसळू नका. बातमीच्या टेपेत बरेचदा एकावर नेत्याचा बाइट आणि दुसऱ्यावर आजूबाजूचा आवाज असतो, आणि घोषणा नेमक्या त्या दुसऱ्यावर असतात. रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, बुलेटिनइतकंच मोलाचं आहे. बुलेटिनमध्ये अर्धा मिनिट गेला असेल, रशेसमध्ये वीस मिनिटं रस्ता दिसतो.

### लेबलवर विश्वास ठेवू नका

टेपा महाग होत्या, म्हणून त्या पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. लेबलावर 'अधिवेशन', आत पहिली दहा मिनिटं मारबतीची मिरवणूक, मग कुणाच्या तरी मुंजीचे चाळीस सेकंद, मग अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो. प्रत्येक टेपेची वेळेनुसार नोंद करा: इतक्या मिनिटापासून इतक्या मिनिटापर्यंत काय दिसतं, कुठे, कोण बोलतंय.

तारीख नसेल तर चित्रच सांगतं, थोडं निरखावं लागतं. वर्धा रोडवर मेट्रोचे खांब दिसले तर शूटिंग २०१५ नंतरचं. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-४९ दिसला तर तो क्रमांक एमएच-३१ च्या बऱ्याच नंतर आलाय, म्हणजे फुटेज फार जुनं नाही. मारबतीचं फुटेज तर स्वतःच पंचांग घेऊन येतं. पोळा श्रावण अमावास्येला, मारबत दुसऱ्या दिवशी, त्यामुळे साल कळलं की तारीख काढता येते. आणि साल बडग्यांवरून, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांवरून कळतं: त्या वर्षी लोक ज्यावर चिडलेले असतात त्याचाच बडग्या निघतो. पुतळ्याच्या गळ्यातली पाटी थांबवून वाचा. मी एका टेपेचं वर्ष कांद्याच्या भावावरून शोधलंय.

उलट 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' एवढंच लेबल असेल तर १४ ऑक्टोबर ठोकून देऊ नका. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. दीक्षाभूमीवरचा मोठा मेळा त्यानंतर विजयादशमीला भरतो आणि ती तारीख दरवर्षी सरकते.

इथे तो कॅमेरामन लागतो. त्याला आणि त्या काळातल्या एखाद्या वार्ताहराला चहाला बोलवा, फुटेज लावा आणि ते बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. "हा डावीकडचा कोण, दादा?" एवढं विचारलं तरी तासभर बोलतात. टेप पुढच्या वर्षीही उतरवता येईल, चेहरे ओळखणारी माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

## ४. कागद: उलगडणं, सपाट करणं, टिपणं

काही गोष्टी आधी कायमच्या वर्ज्य करा: सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल, पानावर पेनाने क्रमांक आणि कपड्याची इस्त्री. फाटलेलं पान चिकटवल्याशिवाय नुसतं जुळवून ठेवा. फोटोत जुळलेलं दिसलं म्हणजे झालं. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर नखाने ओढू नका, मागून पाती उचलून काढा.

बांधलेले खंड असतील तर पुस्तकासारखे पूर्ण उघडून दाबू नका, मणका तुटतो आणि आतल्या बाजूचा कॉलम कायमचा जातो. दोन्ही बाजूंना उशा किंवा थर्माकोलचे उतार लावून शंभर-एकशेवीस अंशांतच उघडा आणि एकेक बाजू टिपा. खंडाची शिवण कापून पानं मोकळी करायचा मोह होतो. तो निर्णय खंडाच्या मालकाचा, तुमचा नाही.

### स्कॅनर की कॅमेरा

घरगुती ए-४ स्कॅनर वर्तमानपत्रासाठी नाही. पान चार तुकड्यांत जातं, घडीवर मोडतं आणि जोडताना मथळ्याच्या शिरोरेषा जुळत नाहीत. मोठा ओव्हरहेड स्कॅनर भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर कॅमेरा आणि खाली तोंड करून धरणारा स्टँड.

कॅमेऱ्याचं गणित आधी करा, ते करत नाही म्हणून वर्षभराचं काम वाया जातं. पान अंदाजे ३५ × ५५ सेंटिमीटर. बारीक अक्षरांसाठी किमान ३०० डीपीआय (इंचाला बिंदू) हवेत, ४०० असतील तर छान. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लांब बाजू ६००० बिंदूंची असते. ती ५५ सेंटिमीटरवर पसरली की इंचाला २७५ च्या आसपास येतात, कडेची मोकळी जागा सोडली की आणखी कमी. म्हणजे पूर्ण पान एका फोटोत बसवायचं नाही. वरचा अर्धा, खालचा अर्धा, मध्ये तीन-चार सेंटिमीटर दोन्हीकडे येतील असं घ्या. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर पूर्ण पान एकात जमतं. मोबाइलच्या जाहिरातीतले १०८ मेगापिक्सेल यात धरू नका.

प्रकाश दोन बाजूंनी, ४५ अंशांतून, सारखा. फ्लॅश नको, खिडकीतलं ऊन नको. एका कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. पानावर स्वच्छ, पातळ काच ठेवली की सुरकुत्या बसतात. काचेत छताचा दिवा दिसत नाही ना ते पाहा.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पानाखाली काळा कागद ठेवा. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, पाठीमागचा मजकूर पुढे झिरपतो. खाली पांढरं टेबल असेल तर ती छाया दिसते आणि पुढे अक्षरओळख करताना संगणक दोन्ही बाजूंचा मजकूर एकत्र वाचतो. काळा कार्डशीट ठेवला की छाया बरीच मावळते. खर्च दहा-वीस रुपये.

मूळ प्रत टिफमध्ये, न दाबता. मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपचं 'आपोआप उजळ करा' बंद ठेवा. ते पान पांढरंशुभ्र करतं, आणि छायाचित्रांतले करडे ठिपके एकतर जातात किंवा काळे गोळे होतात. माणसांचे चेहरे नाहीसे झालेली अशी पानं मी बघितलीत. अक्षरं मात्र चकचकीत.

जागेचा हिशोबही लगेच मांडा. ४०० डीपीआयला रंगीत पूर्ण पान साधारण १४३ एमबी, करड्या छटांत त्याचा तिसरा हिस्सा. बारा पानांचा दैनिक अंक, वर्षाला ३६० अंक धरले तर रंगीत सहाशे जीबीच्या वर, करडा दोनशेच्या आसपास. तीन प्रती ठेवायच्यात हे विसरू नका. काळ्या-पांढऱ्या जुन्या अंकांसाठी करड्या छटा पुरतात. मात्र पानावर कुणी लाल पेनाने काही लिहिलं असेल तर ते पान रंगीतच घ्या.

तपासा: एक महिना स्कॅन झाला की थांबा. त्यातली वीस पानं पूर्ण आकारात उघडा. लहान जाहिरातींतली अक्षरं आणि दोन कॉलमांमधली रेघ स्वच्छ दिसते का? कोपरे धूसर आहेत का? पानांचे आकडे यादीशी जुळतात का? पहिल्या महिन्यात सापडलेली चूक तीस अंकांत सुधारते, तिसऱ्या वर्षी सापडलेली सुधारत नाही.

## ५. नावं आणि तारखा

फायलीचं नाव रोमन छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो: 'वर्तमानपत्राचं संक्षिप्त नाव _ १९९४-११-२४ _ शहर _ पान-०१'. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस. उलटं लिहिलं की संगणक सगळ्या महिन्यांची पहिली तारीख एका जागी आणून ठेवतो.

तारीख अंकाची, घटनेची नाही. नागपुरातली गोवारी समाजाच्या मोर्चातली चेंगराचेंगरी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी झाली, ११४ जण गेले, आणि त्याची पहिल्या पानाची बातमी २४ तारखेच्या अंकात. टेपेवर मात्र २३ असेल. वर्णनाच्या रकान्यात घटनेची तारीख वेगळी लिहा, म्हणजे कागद आणि फुटेज एकमेकांना भेटतात. आकडे पडताळण्यासाठीही हे उपयोगी पडतं: पहिल्या दिवशीच्या अंकातला मृतांचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा वेगळा असतो. नोंद करताना अंकात छापलेलं तसंच ठेवा, दुरुस्ती शेऱ्यात.

## ६. शोधता येणारा मजकूर

टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण पान आहे तसं दिलं की ते आठ कॉलम आडवे वाचून भेळ करतं. आधी कॉलम वेगळे करा. खिळ्यांनी जुळवलेल्या जुन्या अंकांत शिरोरेषा तुटलेली असते, तिथे चुका जास्तच येणार. माझं मत असं की सगळा मजकूर दुरुस्त करत बसू नका. त्याऐवजी प्रत्येक पानाचे मुख्य मथळे, माणसांची आणि जागांची नावं हाताने टाइप करा. पुढे शोधणारा माणूस नव्वद टक्के वेळा यांवरूनच येतो.

मराठीत शोधताना हे घोटाळे ठरलेले:

- 'नागपूर' शोधलं तर 'नागपुरात', 'नागपुरचा' सापडत नाही. 'नागपु' आणि 'नागपू' दोन्ही शोधा.
- १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या अंकांत 'नाहीं', 'येथें', 'करणें' असतं. टाइप करताना तसंच ठेवा, पण शोधाच्या रकान्यात अनुस्वाराशिवायचं रूपही द्या.
- 'सुऱ्या'मधला अर्धा र आणि 'अॅड.'मधला अॅ संगणकात दोन-दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला एकच, शोधायला वेगळे. सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा आणि भिंतीवर लावा.

नव्वदच्या दशकानंतरच्या अंकांची पेजमेकरची (पानं जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची) पानं सीडीवर असतील तर ती सीडी टेपांच्या रांगेत, म्हणजे आधी घ्या. त्यातला मजकूर युनिकोड नसतो, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अगम्य खुणा दिसतात. मूळ फाइल, तो फॉन्ट आणि पीडीएफ/ए (जतनासाठीचं पीडीएफ) या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा, युनिकोड रूपांतर त्यानंतर.

## ७. तीन प्रती आणि वर्षातून एक दिवस

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. एक वाचनालयात, एक नागपुरातल्याच महाल भागातल्या भाच्याकडे आणि एक इतवारीतल्या मित्राकडे, हे 'गावाबाहेर' होत नाही. अमरावती, पुणे किंवा क्लाउड.

प्रत्येक फायलीचा शा-२५६ चेकसम (फायलीच्या डेटावरून निघणारा आकडा) काढून तो यादीसोबत साठवा. फायलीत एक बिंदू बदलला तरी हा आकडा बदलतो. वर्षातून एक दिवस ठरवा (मी दसऱ्याला शस्त्रपूजेच्या जागी हार्ड डिस्क ठेवतो), सगळ्या डिस्क चालू करा, चेकसम पुन्हा जुळवा. कपाटात चार वर्षं न फिरलेली डिस्क पाचव्या वर्षी फिरेलच असं नाही. पाच-सहा वर्षांनी डिस्क बदला, चालू असली तरी.

तपासा: तिसऱ्या प्रतीतून एक पूर्ण महिना दुसऱ्याच संगणकावर परत आणून दाखवा. कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला, हा समज याच परीक्षेत मोडतो.

## ८. लोकांपुढे ठेवण्याआधी

जतन करणं आणि नेटवर टाकणं या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये २०१२ साली आलेल्या दुरुस्तीनुसार, ना-नफा सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे कागदी प्रत असलेल्या कृतीची डिजिटल प्रत जतनासाठी साठवू शकतं. साठवू शकतं, सगळ्यांना डाउनलोडला देऊ शकतं असं त्यात नाही. नावानिशी छापलेला लेख लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असतो, बिननावाचा मजकूर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. त्याआतलं खुलं करायचं तर मालकाची लेखी परवानगी घ्या. दोन ओळींचं पत्र पुरतं, पण कागदावर हवं. घरगुती संग्राहकांनी हे काम एखाद्या वाचनालयाच्या नावाने करणं सोयीचं.

दुसरं, जुन्या अंकांत आणि फुटेजमध्ये बलात्कार पीडितांची नावं, बाल आरोपींचे चेहरे सर्रास सापडतात. आज ते प्रसिद्ध करणं गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२, मुलांसाठी पोक्सो आणि बाल न्याय कायदा). मूळ प्रत अबाधित ठेवा, लोकांना दिसणाऱ्या प्रतीत नाव झाका आणि यादीत 'मर्यादित' असा शेरा लिहा. यासाठी यादीत एक रकाना सुरुवातीलाच मोकळा सोडा.

स्कॅन झालेले मूळ अंक रद्दीत देऊ नका, टेपा पुसून परत वापरू नका. दहा वर्षांनी याहून चांगला स्कॅनर येईल आणि तेव्हा कुणीतरी तो कापडात बांधलेला गठ्ठा मागायला येईल.